दहा माणसं जमल्याशिवाय

आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना मी पाठीमागे मोजणीबाई म्हणायचो. हळूहळू सगळेच म्हणायला लागले. त्या काहीही मोजायच्या. सकाळी आल्या आल्या सुया मोजायच्या, बर्फाच्या पिशव्या मोजायच्या, बाहेरच्या बाकावरची माणसं मोजायच्या, आणि संध्याकाळी जाताना पुन्हा सगळं मोजायच्या, जणू दिवसभरात कुणी बाकच उचलून नेणार होतं. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, माझे केसही मोजून ठेवा, दिवसेंदिवस कमी होताहेत." त्यांनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, त्याला मोजणी कशाला लागते? नजर टाकली की झालं."

मी तिथला नोंदणी कारकून. खिडकीशी माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि तो रुसला की वापरायला एक जाडजूड रजिस्टर. माझ्या पाठीशी हिरवा पडदा आणि पडद्याआड सिस्टर. माणूस आधी माझ्याकडे यायचा, नाव, वय, आधीचा डोस कधी ते सांगायचा आणि आत जायचा. मग पडद्यातून तेच शब्द ऐकू यायचे. "बाही वर करा. हात सैल सोडा. झालं. अर्धा तास बाहेर बसा." आठ वर्षं हे ऐकलंय मी. बायको म्हणते, पाहुणे घरी आले की तुमच्या तोंडून आधी "अर्धा तास बसा" असंच निघतं.

आता एक गंमत सांगतो, जी पुढे गंमत राहिली नाही. आठ वर्षं सुयांच्या शेजारी बसून पगार घेतला, पण मला स्वतःला सुईची भयंकर भीती. साथीच्या लसीच्या पहिल्या डोसाला मी खुर्चीसकट आडवा झालो होतो आणि रांगेतली साठ माणसं पोट धरून हसली होती. दुसऱ्या वेळी सिस्टरनी मला आधीच झोपवलं. म्हणाल्या, "तीन म्हटलं की टोचते." एक म्हणाल्या, दोन म्हणाल्या आणि टोचून मोकळ्या झाल्या. मी ओरडलो, "तीन कुठे गेलं?" तर म्हणाल्या, "तीनपर्यंत तुम्ही फाटकाबाहेर असता."

तिसरा डोस आला तेव्हा वरच्या ऑफिसातून फोन आला की सगळ्या कर्मचाऱ्यांचा झाल्याचा अहवाल आजच्या आज पाठवा. सफाईवाल्या मावशींचा झाला होता, ड्रायव्हरचा झाला होता, सिस्टरचा झाला होता. राहिलो होतो मी. सिस्टर तेव्हा चार दिवस रजेवर. मी रजिस्टरमध्ये आणि कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे "दुसऱ्या केंद्रात घेतला" अशी नोंद केली. कॉम्प्युटर काही विचारत नाही, बिचारा. मनात म्हटलं, घेऊ सावकाश. असं म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं.

सिस्टर मोजत का होत्या, हे मात्र सांगायला हवं, नाहीतर त्या कंजूष वाटतील. कंजूष नव्हत्या. साथीच्या पहिल्या लाटेनंतर लस आली तेव्हा लोक पहाटेपासून फाटकाला लटकायचे. एका बाटलीत दहा डोस. एकदा दिवसाची शेवटची बाटली होती आणि अकरावा नंबर एका निवृत्त पोस्टमनचा होता. कधीकधी बाटलीत एखादा थेंब जास्त निघतो. सिस्टरनी बाटली उलटी केली, तिरकी केली, सुई पुन्हा पुन्हा ओढून बघितली. हवाच आली. पोस्टमनकाका म्हणाले, "असू दे पोरी, उद्या येतो." उद्या साठा आला नाही. साठा आला बाराव्या दिवशी, आणि काका नवव्या दिवशीच गेले होते. त्यांची बायको त्यांचं नोंदणीकार्ड घेऊन माझ्या खिडकीशी आली आणि विचारलं, "हे परत करायचं असतं का हो?"

सिस्टर पडद्याबाहेर आल्या आणि त्यांनी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. त्या दिवसापासून या बाईनं लसीचा एक थेंब जमिनीवर पडू दिला नाही. पुढे एकदा दिवसभर वीज गेली तेव्हा त्या चारशे डोसांची पेटी मांडीवर घेऊन बसल्या. दर पाव तासानं थर्मामीटर बघायचा, बर्फाची पिशवी बदलायची, पुन्हा बसायचं. ड्रायव्हर बर्फासाठी गावभर फिरत होता. मी म्हटलं, "सिस्टर, पाणी तरी प्या." तर म्हणाल्या, "पाणी प्यायले तर उठावं लागेल."

मग साथीचं चौथं वर्ष लागलं. साथ संपली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, फक्त साथीला कुणी कळवलं नव्हतं. माणसं अधूनमधून आजारी पडत होती, म्हातारी माणसं गुपचूप जात होती, पण बातम्यांत दुसरे विषय आले होते. मोठ्या हॉस्पिटलातलं लसीकरण बंद झालं. सगळ्या शहरात एकटं आमचं केंद्र उरलं, तेही फक्त मंगळवारी, दहा ते तीन. आणि भिंतीवर एक परिपत्रक लागलं. दहा लाभार्थी जमल्याशिवाय बाटली उघडू नये. कारण उघडलेली बाटली चार तासांत संपली नाही तर फेकावी लागते, आणि फेकलेल्या डोसांचा जाब वरती द्यावा लागतो.

शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रात सात माणसांवर उघडायचे आणि तीन नावं मनानं भरायचे. सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरना ते जमायचं नाही. एकदा आठ माणसं होती, त्यात एक बाई दिवस भरत आलेली, उन्हातून चालत आलेली. सिस्टरनी बाटली उघडली आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं, दिलेले आठ, वाया दोन. आठवड्याभरात पत्र आलं. दोन डोस वाया का गेले, याचा लेखी खुलासा सादर करावा. सिस्टरनी दीड पानाचा खुलासा लिहिला. मी म्हटलं, "अहो, तीन ओळी बास होत्या." त्या म्हणाल्या, "दोन डोस होते भाऊ, तीन ओळींत कसे मावतील?"

आणि अशात एका मंगळवारी ताई आल्या.

ताई म्हणजे सिस्टरची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा सिस्टर पाच वर्षांच्या होत्या, ताई सतराच्या. ताईंनी शाळा सोडली आणि शिलाई मशीन धरलं. लोकांच्या मुलांचे गणवेश शिवून बहिणीला नर्सिंग शिकवलं. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं, आणि नंतर कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला एक पोर आहे की, आयती मिळालेली." शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सांधे आखडत चालले होते, त्यावर ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, म्हणून डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, तिसरा डोस लवकरात लवकर घ्या. दोन बस बदलून, गुडघे धरत त्या आल्या आणि माझ्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "इथे एक कडक नर्स बसते म्हणे. ओळख लावाल का?"

त्या दिवशी माणसं बरी आली होती. बारापर्यंत पाच, एकपर्यंत आठ, आणि ताई धरून नऊ. मी प्रत्येकाचं नाव घेतलं, वय घेतलं आणि बाकावर बसवलं. पडदा बाजूला करून सिस्टर दर दहा मिनिटांनी बघायच्या. नऊ. पुन्हा बघायच्या. नऊच.

दीड वाजता त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आपल्यातलं कुणी राहिलंय का? बघा आठवून. मावशी?" मावशी म्हणाल्या, "माझा झाला ना, तुम्हीच तर टोचला." ड्रायव्हरनं बाही वर करून जागा दाखवली. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमचा झालाय ना?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं, हे देवाशपथ सांगतो. पण नऊ माणसं बघत होती. नाही म्हटलं की दीड वर्षापूर्वीची खोटी नोंद उघडी पडणार, नोकरीवर गदा येणार, आणि मग ती सुई. तिघांतलं कुठलं भय मोठं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक सुईचंच असेल. इतका मी मोठा माणूस.

"झाला की," मी म्हटलं. "केव्हाच."

सिस्टरनी पांढरा डगला नीट केला आणि त्या रस्त्यावर गेल्या. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. आधी समोरच्या केशकर्तनालयात गेल्या. मग सायकल दुरुस्तीवाल्याकडे. मग बसथांब्यावर जाऊन एकेका माणसाला विचारायला लागल्या. "कुणी एक या हो, फक्त एक जण हवाय. पाच मिनिटांचं काम आहे." लोक हसत होते. एक जण म्हणाला, "आता कसली लस बाई, गेलं ते." एक बाई तयार झाली, तेवढ्यात तिची बस आली. साठीला टेकलेली, आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली ती बाई उन्हात दहावा माणूस मागत फिरत होती, आणि दहावा माणूस इथे पंख्याखाली बसला होता.

इकडे ताई माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्या शर्टाकडे गेलं. "बटण लोंबतंय तुमचं. बायको रागावलीय का?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला. मी सुई बघूनच मागे सरलो तशा खळखळून हसल्या. "अहो, शर्टाला टोचतेय, तुम्हाला नाही." वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी दोरा एका झटक्यात ओवला आणि बटण लावता लावता बोलत राहिल्या. "लहानपणी हिला दोनचा पाढा येत नव्हता. रडून रडून डोळे सुजायचे. मी म्हणायचे, बटणं मोज, मग येईल. तेव्हापासून जी मोजायला लागली ती थांबलीच नाही." दोरा दातानं तोडून त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला. "घट्ट बसलं. आता शर्ट फाटेल, बटण नाही निघायचं."

मी आभार मानले. हो, तेवढं मी केलं.

सिस्टर अडीच वाजता एकट्याच परत आल्या. चेहरा लाल झालेला. तीन वाजायला दहा मिनिटं उरली तेव्हा बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, ताई तुमच्याच आहेत ना? मग उघडा की. तुमच्या घरचं होईल आणि आमचंही होऊन जाईल."

"माझ्या आहेत म्हणूनच नाही उघडत," सिस्टर म्हणाल्या. "उद्या कुणी म्हणायला नको की हिनं बहिणीसाठी बाटली फोडली."

"राहू दे गं," ताई म्हणाल्या. "एका डोसापायी तुला पुन्हा दीड पान लिहायला नको. पुढच्या मंगळवारी येते. तेवढंच तुझं तोंड बघायला मिळेल." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

पुढच्या मंगळवारी सहा माणसं आली, ताई धरून. त्याच्या पुढच्या मंगळवारी चार. प्रत्येक वेळी त्या दोन बस बदलून आल्या आणि दोन बस बदलून गेल्या. चौथ्या आठवड्यात फ्रिजमधल्या बाटल्यांची मुदत संपत आली म्हणून सगळा साठा वरच्या गोदामात परत गेला. नऊ बाटल्या, एकही न उघडलेली. वाया गेलेल्या रकान्यात मी शून्य भरलं. नवा साठा यायला तीन आठवडे लागणार होते.

त्या तीन आठवड्यांत नवी लाट आली.

ताईंना आधी नुसती कणकण होती. मग धाप लागायला लागली. सिस्टरनी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि वॉर्डाच्या काचेच्या दारापाशी सोडलं, कारण पुढे नातेवाइकांना परवानगी नव्हती. बाई स्वतः तीस वर्षं नर्स, पण त्या दाराशी नातेवाईकच. त्या दिवशी परत येऊन मला म्हणाल्या, "ताईनं काचेतून बोटं दाखवली भाऊ. पाच. मला कळेना. मग कळलं, पाच दिवसांत येते म्हणत होती."

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बातम्यांत लाट आली तशी आमच्या फाटकाशी पुन्हा रांग लागली. नवा साठा आला. सत्र रोजचं झालं. केशकर्तनालयवाला आला, सायकलवाला बायकोपोरांसकट आला, "गेलं ते" म्हणणारा माणूसही आला आणि रांग हळू सरकते म्हणून माझ्यावरच खेकसला. एका दिवसात सिस्टरनी चौदा बाटल्या उघडल्या. दहा माणसं जमायची वाट बघायची गरजच उरली नव्हती.

ताईंना हॉस्पिटलात अकरा दिवस झाले होते. दुपारी बाराच्या सुमाराला सिस्टरचा फोन वाजला. पडद्याआड मला ऐकू आलं, "हं. हं. किती वाजता? बरं." बाटली उघडलेली होती, तिच्यात चार डोस उरले होते, चार माणसं आत उभी होती. थोड्या वेळानं आवाज आला, "बाही वर करा. हात सैल सोडा. झालं." चार वेळा. चौथ्याला "अर्धा तास बाहेर बसा" म्हणताना आवाज फाटला. त्या पर्स घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बाटली संपवलीय. पुढच्यांना उद्या बोलवा. ताई गेली."

मी उभा राहिलो. त्यांना वाटलं असेल, भाऊला दुःख झालंय. झालंच होतं. पण दुःखाखाली जे होतं, ते त्यांना दिसलं नाही.

महिनाभरानं वरचे साहेब आले आणि काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र देऊन गेले. गेल्या तिमाहीत एकही डोस वाया न घालवणारं केंद्र. टाळ्या वाजवायला मावशी, ड्रायव्हर आणि मी. सिस्टरनी ते घेतलं, साहेबांना चहा दिला, आणि ते गेल्यावर चौकट कापसाच्या गठ्ठ्यांमागे भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. सुया आल्या तशा कपाटात जायच्या. मावशी म्हणायच्या, "सिस्टर, फिनेल संपत आलंय," तर त्या नुसती मान हलवायच्या. एकदा मी मुद्दाम टाचण्यांची डबी त्यांच्या पायाशी सांडली. वाटलं, आता ओरडतील, मोजून डबीत भरतील, दोन कमी आहेत म्हणून माझ्यामागे लागतील. त्यांनी पायानं टाचण्या बाजूला सारल्या आणि पडद्याआड गेल्या. मी त्या एकेक करून वेचल्या. मला रडू येत होतं आणि टाचण्या दिसत नव्हत्या.

लाट ओसरली. रांग आटली. सत्र पुन्हा मंगळवारवर आलं आणि भिंतीवरचं परिपत्रक पुन्हा लागू झालं. परवाच्या मंगळवारी साडेदहापर्यंत चिटपाखरू आलं नव्हतं. सिस्टर बाहेरच्या रिकाम्या बाकावर येऊन बसल्या. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"भाऊ, खरं सांगू? नऊ होते त्या दिवशी. दुसऱ्या कुणाची ताई असती ना, तर मी उघडली असती. त्या पोटुशी बाईसाठी उघडली होतीच की. आपलीच होती म्हणून नाही उघडली. माझा चांगुलपणा माझ्या ताईला भोवला. तिनं मला शिवून, टाचून माणूस केलं, आणि मी तिला रांगेतला नववा नंबर केला."

"तुमची चूक नाही," मी म्हटलं.

"मग कुणाची? दहावा आला नाही, त्याची? त्याला काय माहीत, इथे कोण बसलंय."

"त्याला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. खोटी नोंद, रजेचे चार दिवस, सुई, "केव्हाच झाला" म्हटलेलं, त्या रस्त्यावर फिरत असताना मी खिडकीतून बघत होतो तेही. सांगताना मी त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत होतो. कप हलला नाही. मला वाटलं होतं, शिव्या देतील. हातातला चहा तोंडावर फेकला असता तरी मी पुसला नसता. एखादी थोबाडीत बसली असती तर माझ्यावर उपकार झाले असते.

त्यांनी आधी रिकाम्या फाटकाकडे बघितलं. मग विचारलं, "ताईनं तुम्हाला विचारलं होतं का, तुमचा झाला का म्हणून?"

"नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मी "हो" म्हणू शकलो असतो. त्यांना ते बरं वाटलं असतं, की आणखी वाईट, कोण जाणे. "माहीत नाही सिस्टर," मी म्हटलं.

त्या उठल्या. कप बाकावर ठेवला. "आत या," म्हणाल्या.

पडद्याआड मी आठ वर्षांत दोनदाच गेलो होतो. त्यांनी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. फ्रिज उघडून एक बाटली काढली. मला कळलं त्या काय करताहेत. मी म्हटलं, "सिस्टर, थांबा, दहा जण नाहीत. मी पुढच्या मंगळवारी माणसं गोळा करून आणतो, घरोघर जातो, शपथ."

त्यांनी अंगठ्यानं बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण उडवलं. टक असा बारीक आवाज झाला आणि झाकण जमिनीवर पडलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं."

मग त्या रडायला लागल्या. बाटली एका हातात, सुई एका हातात, डोळे पुसायला हात मोकळा नाही. मीही रडत होतो. तशातच त्यांनी बाटलीवर वेळ लिहिली, औषध ओढलं, उजेडाकडे धरून बघितलं.

"बाही वर करा," त्या म्हणाल्या. "हात सैल सोडा."

या वेळी एक-दोन-तीन झालं नाही. मी खाली पडलो नाही. दुखलं, आणि दुखायलाच हवं होतं. "झालं. अर्धा तास बाहेर बसा," त्या म्हणाल्या. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो, अर्ध्या तासानंतरही बसून राहिलो. उघडी बाटली आत ट्रेमध्ये होती. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. कुणी आलं नाही. मी उठून रस्त्यावर गेलो, सायकलवाल्याला विचारलं, बसथांब्यावर विचारलं. त्यांचे सगळ्यांचे झाले होते.

तीन वाजता सिस्टर पडद्याबाहेर आल्या आणि माझ्या टेबलावरचं रजिस्टर त्यांनी स्वतःकडे ओढलं. माझी ती जुनी खोटी नोंद शोधून तिच्यावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग आजच्या पानावर माझं नाव लिहिलं. दिलेले एक. वाया नऊ. शेवटचा रकाना कारणाचा असतो. मला वाटलं, आता पुन्हा दीड पान लिहितील. त्यांनी एकच ओळ लिहिली आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"एक माणूस आला होता."